भार पेलणारी अक्षरे
(भंडारा जिल्ह्यातील ठळक अक्षरलेखनाच्या अभ्यासाची प्रस्तावना)

दिवाळी सरते, कापलेला धान खळ्यावर येतो आणि भाऊबीजेपासून भंडारा जिल्ह्यात मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास गावच्या चौकात, एस.टी. थांब्यावर आणि पानठेल्याच्या बाजूच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरे लागतात. तिथून थेट होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रंगभूमी रात्र रात्र जागते. पोस्टरवर कलावंतांचे चेहरे असतात. मंडळाचे नाव, स्थळ, तारीख, तिकिटाचे दर असतात. पण सायकलवरून जाणाऱ्याच्या किंवा एस.टी.च्या खिडकीतून पाहणाऱ्याच्या नजरेत आधी शिरते ते नाटकाचे नाव. जाड, ठासून भरलेले, रुंद शिरोरेषेखाली घट्ट उभे राहिलेले. पुढील पाने अशा अक्षरांविषयी आहेत. पोस्टरावरची, दुकानाच्या पाटीवरची, एस.टी.च्या फलकावरची, तांदळाच्या पोत्यावरची ठळक अक्षरे कशी घडतात, कोणते काम करतात आणि कुठे हार खातात, हा त्यांचा विषय आहे.

ठळक अक्षराबद्दल एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. साधे अक्षर घ्यावे, फुगवावे, की झाले ठळक. संगणकावर एक बटण दाबून अक्षर जाड करण्याची सोय आली आणि हा समज पक्का झाला. तो चुकीचा आहे, हे सांगण्यासाठीच मी ही प्रस्तावना लिहितो आहे. ठळक अक्षर ही स्वतंत्र रचना आहे. त्याचे काम वेगळे, म्हणून त्याची हाडे वेगळी. अक्षरात काळेपणा किती आहे यापेक्षा तो कुठे ठेवला आहे आणि पांढरी जागा कुठे राखली आहे, यावर ते वाचले जाणार की नाही हे ठरते. रोमन लिपीला हे शिकायला मोठ्या शहरांचा गजबजाट आणि यंत्रयुग लागले. आपल्या लिपीची त्या बाबतीतली शिदोरी जुनी आहे, आणि तिचा एक भाग वैनगंगेच्या काठीच सापडतो.

आधी रोमन लिपीकडे पाहू, कारण जाड अक्षराचा तिथला प्रवास नीट नोंदला गेला आहे. रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला, पायाशी आणि माथ्याशी, जी छोटी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात ती बारीक आणि निमुळती असते. तीच रेघ दांड्याच्या तोडीची जाड आणि चौकोनी केली की स्लॅब-सेरिफ अक्षर तयार होते. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१५ च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात अशी अक्षरे दाखवली. सुरुवातीला फक्त मोठ्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल. लंडन तेव्हा जाहिरातींनी भरत होते. लॉटरी, नाटके, घोडागाड्यांच्या वेळा, औषधे, सगळ्यांना भिंतीवर जागा हवी होती आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने बोलायचे होते.

त्याआधी काही वर्षे दुसरा एक उपाय करून झाला होता. उभे दांडे भरपूर जाड करायचे आणि आडव्या रेघा केसासारख्या बारीक ठेवायच्या. जवळून ते अक्षर देखणे दिसते. पण हलका कागद, पातळ शाई आणि घाईची छपाई यांत बारीक रेघा तुटतात, आणि लांबून पाहणाऱ्याला नुसत्या काळ्या उभ्या पट्ट्यांची रांग उरते. स्लॅब-सेरिफने आडव्या रेघेलाही वजन दिले. अक्षर सगळ्या बाजूंनी मजबूत झाले. ते हलक्या कागदावर टिकले, झिजलेल्या ठशातून उमटले आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता आले.

मोठ्या मापाच्या शिशाच्या अक्षराला दोन अडचणी होत्या. ते फार जड आणि महाग पडे, आणि ओतल्यानंतर निवताना त्याचा पृष्ठभाग सपाट राहत नसे. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी अक्षरे यंत्राने कोरायची युक्ती काढली आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने तिला पँटोग्राफ जोडला. एका आराखड्यावरून हव्या त्या मापाचे अक्षर कोरता येऊ लागले. पोस्टरवरच्या अवाढव्य स्लॅब अक्षरांचे युग खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाले.

मग १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट टाइप फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्ले याने क्लॅरेंडन आणले. इथे ठळक अक्षराला दुसरे काम मिळाले. क्लॅरेंडन शब्दकोशासारख्या पुस्तकात साध्या टाइपाच्या शेजारी बसण्यासाठी होते: डोळ्याने पान चाळताना नेमका शब्द हाती लागावा, एवढ्यापुरते ठळक. त्याच्या आराखड्याला कायद्याने तीन वर्षांचे संरक्षण मिळाले होते. ती संपताच इतर फाउंड्यांनी भराभर नकला काढल्या. भिंतीवर हाक मारणे आणि पानात वाट दाखवणे, ही दोन्ही कामे तेव्हापासून या घराण्याकडे आहेत. विसाव्या शतकात मेम्फिस (१९२९), रॉकवेल (१९३४) असे भूमितीच्या शिस्तीत काढलेले टाइप त्यात आले. १९३७ मध्ये खोक्यांवरच्या ठशांची आठवण देणारा स्टेन्सिल टाइप आला. भंडाऱ्याच्या बाजारात उभ्या असलेल्या होंडा दुचाकीवरचे किंवा एखाद्या घरातल्या सोनी टीव्हीवरचे नाव निरखले, तर तीच चौकोनी टोकाची बांधणी दिसेल.

या घराण्याचे आणखी एक अपत्य आपल्या अधिक ओळखीचे आहे. न्यायालयाबाहेर, तहसील कचेरीसमोर टेबल मांडून बसलेले टंकलेखक ज्या इंग्रजी अक्षरांत अर्ज टंकत आले, ती बहुतेक स्लॅब-सेरिफच. त्याचे कारण यंत्रात आहे. टंकलेखन यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते. रोमन लिपीतले 'आय' आणि 'एल' अंगाने सडपातळ असल्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजूंना पोकळी पडते. पायाला आणि माथ्याला लांब आडव्या पट्ट्या दिल्या की ती पोकळी भरते आणि ओळ एकसंध दिसते. गोदरेजने १९५५ साली भारतीय टंकलेखन यंत्र बनवले आणि पुढची काही दशके आपली कचेरी त्या खटखटीवर चालली. तिथली जाड टोके शोभेसाठी नव्हती. ती त्या अक्षराची गरज होती.

आता आपल्या मातीत येऊ. पवनी हे भंडारा जिल्ह्यातले वैनगंगेकाठचे प्राचीन नगर. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले, शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्याचे प्रमुख. त्यात मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले आणि त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. ही ब्राह्मी सडसडीत आहे. रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, आणि टोकाला दागिना नाही.

त्यानंतर काही शतकांनी विदर्भावर वाकाटकांचे राज्य आले. त्यांची एक राजधानी रामटेकजवळचे नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन. राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट पवनीलाच मिळाला आहे. वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट ज्या वळणात कोरले आहेत, त्याला अभ्यासक पेटिकाशीर्ष ब्राह्मी म्हणतात. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक लहानसा चौकोन बसवलेला असतो. कुठे पोकळ, कुठे भरीव. म. म. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या ग्रंथातले ठसे पाहिले की त्या चौकोनांचा परिणाम लगेच कळतो. ओळीच्या माथ्यावर समान उंचीची, समान वजनाची एक रांग तयार होते आणि नजर त्या रांगेला धरून पुढे सरकते. अक्षराच्या टोकाला चौकोनी वजन देऊन ओळ बांधायची ही कल्पना विदर्भातल्या तांब्याच्या पत्र्यांवर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पूर्णत्वाला गेली होती.

पेटिकाशीर्ष वळण हे नागरीचे थेट पूर्वज नाही. तसा दावा करणे चूक ठरेल. पण अक्षराच्या माथ्यावरची खूण वाढवत नेण्याची ओढ दोन्हींकडे आहे. नागरीत त्या खुणा रुंद होत गेल्या, एकमेकींना भिडल्या आणि शिरोरेषा झाली. रोमन अक्षर पायावर उभे राहते, म्हणून त्याचे वजन पायाशी आणि माथ्याशी वाटले जाते. आपले अक्षर घराच्या आढ्याला टांगल्यासारखे वरून खाली येते. त्यामुळे देवनागरीत स्लॅबचे काम आधीच कोणीतरी करत असते. ती शिरोरेषाच आपली आडवी, भार पेलणारी पट्टी आहे.

देवनागरीतल्या जाड अक्षराची सगळी गोष्ट या एका वस्तुस्थितीतून उलगडते. बोरूचे टोक आपल्याकडे तिरके छाटले जाते, आणि त्या काटामुळे शिरोरेषा आणि काना जवळपास सारख्याच जाडीचे उमटतात. म्हणजे आडव्या रेघेला वजन देण्यासाठी रोमन लिपीला जी क्रांती करावी लागली, तिची आपल्याला गरज नव्हती. आपली अडचण जागेची आहे. रोमन अक्षर बहुतांशी एका पट्टीत मावते. देवनागरीला तीन मजले लागतात: वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचे अंग, खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय. जाडी वाढवली की ती या तिन्ही मजल्यांवर एकदम चढते आणि मधल्या खिडक्या बुजू लागतात.

एखादे ठळक वळण कसाला लावायचे असेल, तर भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांची नावे त्यात लिहून पाहावीत. यापेक्षा चांगली परीक्षा मला ठाऊक नाही. 'तुमसर' आणि 'पवनी' ही तुलनेने सोपी नावे. त, म, स, र, प, व यांची पोटे मोकळी असल्यामुळे भरपूर जाडी सोसतात. फक्त 'तु'चा उकार आणि 'नी'ची वेलांटी सांभाळायची. 'भंडारा' मात्र पहिल्याच अक्षराला अडवते. भ आणि म यांत फरक तो माथ्याचा: भ च्या शिरोरेषेत खंड असतो आणि डावीकडे छोटा वळसा असतो. जाडी वाढवताना तो खंड बुजला की 'भंडारा'चा 'मंडारा' होतो. वर अनुस्वाराचा ठिपका. तो शिरोरेषेपासून पुरेसा दूर नसेल तर लांबून तिचाच फुगवटा वाटतो. पुढे ड ची गाठ आणि लागोपाठ दोन काने. हे काने जवळजवळ आले तर अक्षर सोडून तेच दिसतात.

'मोहाडी'त ह आहे. ह चे दुहेरी वळण जाडीत सगळ्यात आधी गुदमरते. चांगला लेखक त्याचे खालचे वळण उघडे ठेवतो आणि वरचे आखडतो. 'लाखनी', 'साकोली', 'लाखांदूर' या तिघांतही ल आहे. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, श आपल्या खास गाठीचा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात ही मराठी वळणे प्रमाण धरली आहेत, तरी बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचीच अक्षरे येतात. पाकळीचा ल जाड करताना दोन्ही पाकळ्यांच्या आतली पांढरी जागा सारखी राखणे हे कौशल्याचे काम आहे. ख चे दोन भाग खाली जुळले नाहीत, तर 'लाखनी'तून र आणि व बाहेर पडतात. आणि 'लाखांदूर'मध्ये तिन्ही मजले भरलेले आहेत: वर अनुस्वार, मध्ये ख, खाली दीर्घ उकार. ज्या वळणात 'लाखांदूर' पन्नास फुटांवरून वाचता येते, ते वळण उत्तीर्ण झाले असे समजावे.

अंतराचा उल्लेख आला, म्हणून एक व्यवहारी ठोकताळा सांगतो. पाट्या करणाऱ्यांच्या धंद्यात जगभर असे धरतात, की दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची सुमारे एक इंच असावी. तो ठोकताळा रोमन लिपीतल्या कॅपिटल अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत तो इंच अक्षराच्या अंगाचा मोजावा लागतो. वरच्या मात्रेसाठी आणि खालच्या उकारासाठी जागा वेगळी सोडावी लागते. पाटीची एकूण उंची घेऊन हिशेब केला की मराठी अक्षर ठरल्यापेक्षा लहान पडते. शेजारचे इंग्रजी ऐसपैस आणि मराठी कोंदलेले दिसते, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

छापखान्यांनी ही अडचण आपापल्या परीने सोडवली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या छापखान्यांनी देवनागरीचे ठसे घडवले. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप देखणेपणासाठी देशभर नावाजला गेला. मुंबईच्या डिग्री पद्धतीत अक्षराचे अंग आणि वरखालच्या खुणा वेगवेगळ्या तुकड्यांवर ओतल्या जात आणि कंपोझिटर ते तीन थरांत जुळवत असे. शिरोरेषेचे तुकडे एका पातळीत आले नाहीत, की जाड टाइपात ती फट ढळढळीत दिसे. बापूराव नाईक यांनी 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या तीन खंडांच्या ग्रंथात (१९७१) या साऱ्या खटाटोपाचा इतिहास नोंदला आहे. मराठी अक्षरावर प्रेम करणाऱ्याने तो एकदा तरी चाळावा. तालुक्याच्या ट्रेडल मशीनवर छापल्या जाणाऱ्या हँडबिलांत शीर्षकासाठी जाड टाइप, आणि त्याहून मोठ्या मापाला लाकडी ठसे, अशी व्यवस्था असे. खिळे मोजकेच असल्यामुळे कंपोझिटरला निवड करावीच लागे: एका पत्रकात सगळ्यात मोठे काय, त्याखाली काय. त्या टंचाईतून शिस्त आली. नाटकाचे नाव, गाव, तारीख; बाकी सारे लहान.

पेंटरच्या हातात यापेक्षा जास्त स्वातंत्र्य होते. भिंतीवर चुन्याचा हात द्यायचा, चॉक लावलेली दोरी ताणून दोन आडव्या रेघा उमटवायच्या, खडूने अक्षरांच्या जागा बांधायच्या आणि मग सपाट ब्रशने भरायला घ्यायचे. सपाट ब्रशची रुंदी हीच दांड्याची जाडी. ब्रश उभा ओढला की काना, आडवा ओढला की शिरोरेषा. दोन्हींची टोके आपोआप चौकोनी. अशा अक्षराला स्लॅबचे चारित्र्य हत्यारातूनच मिळते. कसलेला पेंटर आधी अक्षराच्या पोटातली पांढरी जागा मनात धरतो आणि तिच्याभोवती रंग भरतो. शब्द लांब असेल तर तो अक्षरे रुंदीला आखडतो, पण कान्याची जाडी तीच ठेवतो. मग उजवीकडे आणि खाली शेड देतो. या शेडचाही उपयोग आहे. भिंतीचा रंग आणि अक्षराचा रंग जवळचे असले तरी शेडमुळे कड स्पष्ट होते. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लाखनी-साकोलीकडे जाताना ढाब्यांच्या आणि गॅरेजांच्या जुन्या पाट्यांत हे कसब अजून दिसते. एस.टी.च्या पत्र्याच्या फलकांवर तर त्याची सगळ्यात कठोर परीक्षा होती: गाडी थांब्यात शिरेपर्यंत 'तुमसर' की 'तिरोडा' हे प्रवाशाला कळलेच पाहिजे.

धानाच्या जिल्ह्यात पोत्यांची गोष्ट टाळता येत नाही. तागाच्या बारदान्याची वीण जाडीभरडी असते. तिच्यावर शाई पसरते, धाग्यांच्या खाचांत बुडते आणि बारीक रेघ दिसेनाशी होते. म्हणून राइस मिलचे नाव, तांदळाचा प्रकार आणि वजन पोत्यावर जाड अक्षरांतच येते. पत्र्यात कापलेल्या ठशाला आणखी एक अट असते. अक्षराच्या पोटातला पत्रा निसटू नये, म्हणून तो बाहेरच्या पत्र्याशी बारीक पट्ट्यांनी जोडून ठेवावा लागतो. त्या पट्ट्यांमुळे अक्षरात खंड पडतात. रोमनमध्ये ते खंड कुठे द्यायचे याचा संकेत बसून गेला आहे. देवनागरीत शिरोरेषा तोडायची की काना, हा निर्णय कापणाऱ्या कारागिराचा असतो. आणि भ-म, ध-घ यांच्यात गोंधळ होऊ न देता तो घेणे ही खरी अक्षरबुद्धी आहे. तिची नोंद पुस्तकांत झालेली नाही, म्हणून पोतीच वाचावी लागतात.

नाटकाच्या पोस्टरकडे परत यायला हवे, कारण ठळक अक्षराची सगळ्यात मोकळी उधळण तिथे आहे. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकाचे नाव आणि त्याचा स्वभाव एकाच रेखाटनात आणण्याची परंपरा घडवली. वर्तमानपत्रातली त्यांची शीर्षके रसिकांना दुरून ओळखू येत. झाडीपट्टीची गरज वेगळी. इथे नाटक गावच्या मोकळ्या जागेत उभारलेल्या मंडपात होते, प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, आणि एकाच रात्री आसपासच्या कितीतरी गावांत नाटके असतात. प्रेक्षक कुठे जायचे हे पोस्टर पाहून ठरवतो. म्हणून नाव मोठे, रंग भडक, अक्षर जाड, आणि गावाचे नाव व तारीख त्याच्या खालोखाल. शंकरपट किंवा मंडईच्या निमित्ताने प्रयोग असेल तर तोही उल्लेख ठळक. या पोस्टरांकडे गावठी म्हणून पाहणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन, की त्यांतली माहितीची उतरंड अनेक शहरी जाहिरातींपेक्षा स्वच्छ असते. काय, कुठे, केव्हा, कितीला, हे चार प्रश्न ती न चुकता सोडवतात.

आता ही पोस्टरे फ्लेक्सवर आणि संगणकावर होतात. श्रीलिपीसारख्या प्रणालींनी गावोगावच्या डीटीपी चालकांना मराठी टाइप दिला, हा मोठा उपकार. पण सोयीबरोबर दोन खोडी आल्या. पहिली, अक्षर जाड करण्यासाठी त्याच्या भोवती सरसकट कड चढवणे. त्याने आतल्या खिडक्या बुजतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार मात्रेत मिसळतो. दुसरी, शब्द जागेत बसवण्यासाठी तो ताणणे किंवा दाबणे. आडवा ताणला की काने सुजतात आणि शिरोरेषा तशीच बारीक राहते. उभा ताणला की उलटे. दोन्हींत पेंटरने हाताने राखलेला तोल मोडतो. ज्याने जाडी वाढवताना पांढरी जागा सांभाळली, तो माणूस मधून निघून गेला आहे आणि त्याची अक्कल फॉन्टात उतरलेली नाही.

ती उतरवता येते, याचे पुरावे आहेत. एक टाइप या मुंबईच्या समूहाने केलेला 'मोदक' हा देवनागरीतल्या सर्वांत गुबगुबीत टाइपांपैकी एक. त्यात पांढरी जागा निव्वळ चिरेएवढी उरते, तरी अक्षर ओळखू येते, कारण प्रत्येक चीर विचार करून ठेवली आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' हा जाड दांड्यांचा आणि अतिबारीक रेघांचा. मोठ्या मापात राजस, लहान मापात नाजूक. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' घडला. पेंटरचे वळण जसेच्या तसे फॉन्टात येऊ शकते, हे त्याने दाखवले. मग झाडीपट्टीच्या पोस्टरांचे, वैनगंगेकाठच्या भिंतींचे वळण का येऊ नये? सपाट ब्रशचा काटकोनी शेवट, शिरोरेषेला दिलेले जास्तीचे वजन, आखडलेली रुंदी आणि मोकळी पोटे, एवढ्या गुणांवर एक भक्कम मराठी शीर्षक-टाइप उभा राहील.

दुकानांच्या पाट्यांसाठी तर त्याची निकड आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर मराठी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. कायदा उंची पाहतो, वजन पाहत नाही. इंग्रजी नाव भारदस्त स्लॅब-सेरिफमध्ये आणि शेजारचे मराठी हडकुळ्या फॉन्टात असेल, तर नियम पाळूनही मराठी दुय्यमच दिसते. दोन लिपी शेजारी ठेवताना इंग्रजी अक्षराच्या आडव्या पट्टीची जाडी आणि मराठी शिरोरेषेची जाडी एकमेकींना जुळली पाहिजे. मग दोन्ही नावे एकाच घरची वाटतात.

ठळक अक्षराला मर्यादाही आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय त्याची बाजू पूर्ण होत नाही. सलग मजकुरासाठी ते नाही. चार ओळींनंतर डोळा थकतो आणि सगळेच ठळक असले की काहीच ठळक राहत नाही. शोकसंदेशाला शेड दिलेले जाड अक्षर शोभत नाही. दवाखान्याच्या आतल्या सूचनांना स्पष्टता हवी, हाक नको. औषधाच्या मात्रेत, निवडणुकीच्या यादीत, सातबाऱ्यावर नाव ठळक असावे आणि तपशील साधा. क्लॅरेंडनने शब्दकोशात जे केले, ते आपल्या कागदपत्रांनी अजून नीट करायचे आहे.

वाचकांना माझी विनंती आहे, की पुढील पाने वाचताना प्रत्येक अक्षराला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणत्या पृष्ठभागावर उमटायचे होते? किती अंतरावरून, किती वेगाने वाचले जाणार होते? आणि त्याच्या पोटातली पांढरी जागा कोणी, कशी राखली? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आवडीनिवडीच्या पलीकडे जाऊन अक्षराची पारख करता येते. ही पारख चित्रकला विद्यालयांइतकीच डीटीपीच्या दुकानांत आणि फ्लेक्सच्या छापखान्यांत पोचायला हवी. मराठी माणूस दिवसाकाठी जी अक्षरे पाहतो, त्यांतली बहुतेक आता तिथेच घडतात.

त्यासाठी दोन कामे आजच्या आज करता येतील. तालुक्याच्या ग्रंथालयांनी नाटकांची हँडबिले आणि पोस्टरे वर्षवार जपून ठेवावीत. रद्दीत गेलेले पोस्टर परत मिळत नाही आणि भिंतीवरचे अक्षर पुढच्या चुन्याखाली जाते. आणि ज्या पेंटरांनी आयुष्यभर ही अक्षरे लिहिली, त्यांच्यासमोर फॉन्ट घडवणाऱ्या तरुणांनी कागद आणि ब्रश घेऊन बसावे, 'भंडारा'पासून 'लाखांदूर'पर्यंत सातही नावे त्यांच्याकडून लिहून घ्यावीत आणि प्रत्येक वळणाचे कारण विचारावे. ती कारणे नोंदली गेली, तर मराठीला आपल्या शिरोरेषेच्या बळावर उभा राहणारा ठळक टाइप मिळेल आणि त्याला रोमन स्लॅबची उसनवारी करावी लागणार नाही. हा अभ्यास त्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल आहे, आणि ते भंडाऱ्यातून पडते आहे याचा मला मनापासून आनंद आहे.